'नल रेफरन्स': गैरसमज आणि वस्तुस्थिती

युनिटीत गेम करायला शिकणाऱ्याला कन्सोलमध्ये लवकरच 'नल रेफरन्स एक्सेप्शन' अशी लाल ओळ दिसते. ती दिसली की अनेक जण अख्खी स्क्रिप्ट पुसून नव्याने लिहायला बसतात. त्याची गरज क्वचितच असते.

गैरसमज : कोड चुकला आहे.
वस्तुस्थिती : भाषेच्या दृष्टीने कोड बरोबर आहे, म्हणूनच तर गेम सुरू झाला. ज्या व्हेरिएबलकडे काम सोपवलं, त्यात ऑब्जेक्टच नाही. लाल ओळीवर डबल-क्लिक करा, नेमकी ओळ उघडेल. त्या ओळीत प्रत्येक डॉटच्या डावीकडे जे नाव आहे, ते संशयित. शोध तिथूनच सुरू करावा.

गैरसमज : व्हेरिएबल 'पब्लिक' केलं की युनिटी ऑब्जेक्ट आपोआप जोडते.
वस्तुस्थिती : इन्स्पेक्टरमध्ये फक्त एक रिकामा रकाना तयार होतो. त्यात ऑब्जेक्ट ओढून टाकायचं काम आपलं.

गैरसमज : मी इन्स्पेक्टरमध्ये जोडलंय, म्हणजे ते रिकामं असूच शकत नाही.
वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. तीच स्क्रिप्ट चुकून दुसऱ्या एखाद्या ऑब्जेक्टवरही बसलेली असते आणि तिथला रकाना रिकामा असतो. दुसरी शक्यता अशी, की 'स्टार्ट'मध्ये 'गेट कंपोनंट' लिहिलेलं असतं. ते फक्त त्याच ऑब्जेक्टवर शोधतं. तिथे सापडलं नाही, तर तुम्ही हाताने जोडलेलं पुसून त्या जागी नल ठेवतं. 'रिजिडबॉडी' आणि 'रिजिडबॉडी टूडी' हे वेगळे प्रकार आहेत, एक मागून दुसरा मिळत नाही. प्रीफॅबचीही अडचण आहे : प्रोजेक्टमधल्या प्रीफॅबला सीनमधला ऑब्जेक्ट जोडून ठेवता येत नाही. गेम चालू असताना प्रीफॅबची प्रत तयार होत असेल, तर तो जोड त्या प्रतीला कोडमधूनच द्यावा लागतो.

गैरसमज : 'गेमऑब्जेक्ट फाइंड' काहीही शोधून देतं.
वस्तुस्थिती : बंद ठेवलेले ऑब्जेक्ट त्याला सापडत नाहीत. नावात अक्षराचा फरक चालत नाही, कॅपिटल-स्मॉलचाही नाही.

'मिसिंग रेफरन्स' मात्र वेगळी गोष्ट सांगतं : ऑब्जेक्ट होता, तो 'डिस्ट्रॉय' झाला आणि तुमची स्क्रिप्ट अजून त्यालाच हाक मारते आहे.

आता सर्वांत घातक समज. प्रत्येक ओळीआधी 'नल नसेल तरच' अशी अट घातली की प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. सुटत नाही, लपतो. लाल ओळ जाते. पण शत्रूचा मार बसूनही हेल्थ बार हलत नाही आणि कारण सांगणारं कुणी उरत नाही. जिथे ऑब्जेक्ट नसणं स्वाभाविक आहे, तिथेच ही अट शोभते. जो असायलाच हवा, त्याची तपासणी 'अवेक'मध्ये करा आणि नसेल तर 'डीबग लॉग एरर'ने ऑब्जेक्टच्या नावासकट तसं स्पष्ट छापा.