आजीची ओवी आणि शिळे बाइट

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या आणि मंडळात ऐकवायला जावामध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. ओवी संपली, आजी थांबली, आणि लगेच मागच्या ओळीचा तुकडा पुन्हा वाजला! सगळे हसले. आजीचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

माझ्या वेव्ह फाइलमध्ये सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिट, दोन चॅनेल. म्हणजे एका फ्रेमला 4 बाइट आणि सेकंदाला 1,76,400 बाइट. एवढाच मोठा बफर मी घेतला होता.

बफर म्हणजे पाटी समजा. ऑडिओ इनपुट स्ट्रीमला 'रीड' म्हटलं, की ती पाटीवर नवे बाइट लिहिते आणि किती लिहिले तो आकडा परत देते. जुनं मात्र आधी पुसत नाही. शेवटच्या खेपेला 60,000 बाइटच आले असतील, तर उरलेले 1,16,400 आधीच्या सेकंदाचे, शिळे! मी आकडा न बघता अख्खी पाटी वाजवली.

उपाय सोपा आहे. स्पीकरच्या लाइनला 'राइट' करताना बफर, सुरुवात 0 आणि 'रीड'ने दिलेला आकडा, अशा तिन्ही गोष्टी सांगायच्या. आकडा कमी आला म्हणून फाइल संपली असं समजू नका. -1 आला तरच संपली. आणि बफर फ्रेमच्या पटीत ठेवा.

आता आजी थांबते तिथंच प्रोग्रामही थांबतो.