धुळवडीला नांदेडला जाताय? रंगापेक्षा मोठा असतो तो 'हल्ला'

नांदेड : धुळवडीच्या सकाळी नांदेडचे रस्ते मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखेच रंगलेले असतात. दुपार कलली की चित्र बदलते. निळे, केशरी फेटे बांधलेले हजारो शीख भाविक सचखंड गुरुद्वाऱ्यासमोर जमतात आणि निशाणसाहेब, म्हणजे धर्मध्वज, बाहेर पडतो. हा 'हल्ला महल्ला'. पंजाब, हरियाणा, दिल्लीपासून लोक त्यासाठी येतात. शेजारच्या लातूर, परभणीतल्या अनेकांनी मात्र तो अजून पाहिलेला नसतो.

हल्ला कोणावर?

कोणावरही नाही. गुरु गोविंदसिंहजींनी १७०१ च्या सुमारास आनंदपूर साहिब येथे ही प्रथा सुरू केली. होळीच्या दुसऱ्या दिवशी शिखांच्या दोन तुकड्या पाडायच्या. एकीने चढाई करायची, दुसरीने जागा राखायची. सणाच्या सुट्टीत युद्धाचा सराव, असा हा सरळ हिशेब.

१७०८ मध्ये गुरुजी गोदावरीकाठी नांदेडला आले. प्राणघातक हल्ल्यात जखमी झाल्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते येथेच ज्योतिज्योत समावले. त्याआधी त्यांनी गुरुगादी ग्रंथसाहेबांकडे सोपवली. म्हणूनच हे स्थान शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभी राहिली.

मिरवणुकीत काय दिसते?

सजवलेले घोडे, उघड्या तलवारी, कीर्तन आणि गतका, म्हणजे लाठी-तलवारीचे खेळ. पुढे ठरलेल्या ठिकाणी अरदास होते, जयघोष होतो आणि शस्त्रे उंचावून सगळा जमाव एकाच दिशेने धाव घेतो. शहरातल्या 'हल्लाबोल चौका'चे नाव याच प्रथेतले. ही धाव मोजून काही क्षणांची, पण पाहण्यासारखी तीच आणि जपण्यासारखीही तीच. मोबाइलवर व्हिडिओ काढायला रस्त्याच्या मधोमध उभे राहणाऱ्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. लहान मुले, वृद्ध सोबत असतील तर एखाद्या इमारतीचा ओटा किंवा गच्ची गाठावी. गल्लीच्या तोंडाशी थांबू नये.

गर्दी आणि परंपरा यांची ओढाताण येथे नवी नाही. २९ मार्च २०२१ रोजी करोनामुळे मिरवणुकीला परवानगी नव्हती. कार्यक्रम आवारातच करायचे ठरले होते. दुपारी चारच्या सुमारास निशाणसाहेब दारापर्यंत येताच तरुणांचा मोठा जमाव बॅरिकेड तोडून बाहेर पडला. किमान चार पोलीस जखमी झाले. इतक्या भाविकांसाठी हा दिवस चुकवणे किती अवघड आहे, हे त्या दुपारी दिसले. पोलिसांवर हात उचलण्याचे समर्थन मात्र त्यातून होत नाही.

जायचे कसे, राहायचे कुठे?

लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे अंतर साधारण १४० किलोमीटर. रेल्वेने परळी, परभणीचा फेरा पडतो, त्यामुळे एसटी किंवा स्वतःची गाडी बरी. धुळवडीला सकाळी रस्त्यात रंगवाले गाड्या अडवतात, तेव्हा पहाटेच निघावे. अमृतसरहून येणारी सचखंड एक्स्प्रेस या दिवसांत भरून वाहते. गुरुद्वाऱ्याची यात्री निवासेही आधीच भरतात. २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या वेळी शहरात रस्ते आणि निवासाच्या बऱ्याच सोयी झाल्या, तरी सणाला त्या अपुऱ्याच पडतात. खोली मिळालीच नाही तर सकाळी येऊन रात्री परतणे लातूरकरांना जमण्यासारखे आहे.

जेवणाची चिंता नको. लंगर सर्वांसाठी खुला असतो, जात-धर्म कोणी विचारत नाही. पंगतीत बसावे, हवे तेवढेच घ्यावे, ताटात टाकू नये.

आत जाताना डोके झाकलेले हवे, चपला जोडाघरात ठेवाव्यात. तंबाखू, सिगारेट, गुटखा खिशातही नको. शीख धर्मात तंबाखू निषिद्ध आहे. सकाळी रंग खेळला असेल तर अंघोळ करून, कपडे बदलूनच दर्शनाला जावे. मिरवणुकीतल्या घोड्यांना हात लावायला जाऊ नये. मार्चमधले ऊन आणि तासन्‌तास उभे राहणे लक्षात घेता पाण्याची बाटली सोबत असू द्यावी. गाडी गुरुद्वाऱ्यापासून लांबच लावावी, कारण मिरवणुकीच्या मार्गावरची वाहतूक दुपारपासून वळवली जाते.