पावसाळ्यातील चिखल्या आणि बुरशीची ओळख

मृगाचा पाऊस बरसला की अमरावती-अकोल्याकडील काळी कन्हार जमीन पाणी धरून ठेवते. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या निंदणास व डवरणीस हाच काळ असतो. शेतकरी आणि मजुरीस जाणाऱ्या स्त्रिया सकाळपासून सायंकाळपर्यंत चिखलात वावरतात. थोड्याच दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढुरकी व मऊ पडते, खाज सुटते, भेगा पडतात आणि आग होऊ लागते. यालाच आपण ‘चिखल्या’ म्हणतो. हे दुखणे क्षुल्लक मानून अंगावर काढण्याची रीत आहे. परंतु ऐन हंगामात पाय टेकवेनासा झाला म्हणजे मजुरी बुडते आणि तण वाढते.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी शेतकऱ्यास अपरिचित नाही. ज्वारीच्या कणसातील काणी, कपाशीवरील मर, ओल्या भाकरीवर चढणारा हिरवट थर, ही सर्व बुरशीचीच रूपे होत. बुरशीस हरितद्रव्य नसते; म्हणून झाडाप्रमाणे सूर्यप्रकाशात ती आपले अन्न तयार करू शकत नाही. सुतासारखे बारीक तंतू पसरून ती दुसऱ्यावर पोसते. तिचे सूक्ष्म बीजाणू वारा, पाणी, माती व कपडे यांबरोबर सर्वत्र जातात, आणि ओल व ऊब मिळताच रुजतात.

सर्वच बुरशी घातक नव्हे. पालापाचोळा कुजवून त्याचे खत करण्यात तिचा मोठा वाटा आहे. सन 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला, तोही एका बुरशीमुळेच. मात्र काही जाती कातडी, केस व नखे यांतील केराटिन नावाच्या द्रव्यावर जगतात. पायाचा संसर्ग बहुधा त्यांच्यामुळे होतो. बोटांच्या बेचक्यांत ऊन व वारा पोहोचत नाही आणि ओल टिकते. बुरशीस याहून सोयीची जागा कोणती? नुसत्या सततच्या ओलीनेही कातडी सडते व तीत जंतू शिरतात. त्यामुळे प्रत्येक चिखली बुरशीचीच असते असे नाही. पण पाय कोरडे राखणे हा दोहोंवर पहिला उपाय होय.

काळजी कशी घ्यावी?

शेतातून परत येताच पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावेत आणि प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपावे. पायांचे फडके वेगळे ठेवावे. त्याच फडक्याने अंग पुसल्यास जांघेत गजकर्ण उठते. घरातील एकास संसर्ग झाला असल्यास टॉवेल, मोजे व पादत्राणे इतरांनी वापरू नयेत. चिखलात काम करताना रबरी बूट वापरावेत. घरी आल्यावर ते काढून उलटे ठेवून वाळवावेत. ओले बूट दिवसभर पायांत राहिल्यास लाभाऐवजी हानीच होते.

उपचार

क्लोट्रिमॅझोल 1 टक्का किंवा मायकोनॅझोल 2 टक्के हे मलम धुऊन कोरड्या केलेल्या जागी व सभोवार दिवसातून दोन वेळा लावावे. चार दिवसांत खाज थांबते आणि बहुतेक लोक मलम सोडून देतात. चूक येथेच होते. वर दिसणारे तण कापले, पण मूळ जमिनीत राहिले, तसाच हा प्रकार आहे. कातडी पूर्ववत दिसू लागल्यावरही आणखी एक ते दोन आठवडे मलम चालू ठेवावे.

दुकानात अनेक ‘मिश्र’ मलमे मिळतात. त्यांपैकी काहींत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड असते. त्याने खाज लगेच शमते, परंतु बुरशी आतल्या आत पसरते. औषधास दाद न देणारे गजकर्ण आज आपल्या देशात वाढले आहे, त्यास अशा मलमांचा गैरवापरही कारणीभूत मानला जातो. पिकावर फवारावयाचे किंवा बियाण्यास चोळावयाचे बुरशीनाशक कधीही अंगास लावू नये. ते माणसाच्या कातडीसाठी नव्हे. रॉकेलही लावू नये.

पाय सुजून लाल झाला, पू आला अथवा ताप भरला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मधुमेही व्यक्तीने तर साध्या भेगेकडेही दुर्लक्ष करू नये.

काट्यातून शिरणारा रोग

अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला व त्याबरोबर मातीतील बुरशी किंवा काही जिवाणू आत गेले, तर फार दिवसांनी निराळाच रोग उद्भवतो. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्याचा अभ्यास करून सन 1874 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘मदुरा पाय’ या नावाने तो ओळखला जातो. पायावर न दुखणारी गाठ येते, ती हळूहळू वाढते, तिला छिद्रे पडतात आणि स्रावाबरोबर काळे, पांढरे किंवा पिवळे दाणे बाहेर येतात. दुखत नाही म्हणून रोगी थांबतो. मग रोग हाडापर्यंत पोहोचतो आणि क्वचित पाय कापण्याची पाळी येते. जागतिक आरोग्य संघटनेने सन 2016 मध्ये दुर्लक्षित रोगांच्या यादीत याचा समावेश केला. अशी गाठ दिसताच जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. आरंभीच उपचार झाल्यास पाय वाचण्याची आशा अधिक असते.

गावातील कार्यकर्त्यांसाठी

पेरणीपूर्व सभेत बीजप्रक्रियेची माहिती देताना पायांच्या निगेचेही दोन शब्द सांगावेत. निंदणीस जाणाऱ्या स्त्रियांशी आशा सेविकेमार्फत बोलावे, कारण लाजेमुळे त्या हे दुखणे सांगत नाहीत. बैलाच्या खुरास जखम झाली तर आपण त्याला कामास जुंपत नाही. तीच कणव स्वतःच्या पायांविषयी बाळगणे प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्य आहे.