चेंगदे : देवीच्या भीतीतून उभी राहिलेली दुसरी राजधानी

ताज्या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आज सुरुवात एका प्रश्नाने करू. राजाला उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचंय. तो काय करेल? एखादा वाडा बांधेल, फार तर चार बागा करेल. पण चीनच्या मांचू सम्राटांनी चेंगदे इथे ५६४ हेक्टर जागा घेतली, तिच्याभोवती सुमारे १० किलोमीटरची भिंत घातली आणि भिंतीबाहेर बारा मोठी बौद्ध मंदिरं बांधली. कांगशी सम्राटाने १७०३ मध्ये काम सुरू केलं, ते त्याचा नातू चिएनलाँगच्या काळात १७९२ ला संपलं. म्हणजे ८९ वर्षं! नुसत्या उकाड्यासाठी एवढं कोण करतं?

या जागेचं चिनी नाव ‘बिशू शानच्वांग’. अर्थ साधा आहे, उन्हाळा टाळण्याचं डोंगरातलं घर. बीजिंगच्या ईशान्येला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, चीनच्या भिंतीपलीकडे. हवा खरंच थंड. पण माझ्या मते नावात कारण अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं कारण म्हणजे देवीचा रोग.

हो, तोच. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी टोचल्याची गोल खूण असायची, तो रोग.

जरा मागे जाऊ. मांचू लोक उत्तरेकडचे. १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं. बीजिंग म्हणजे दाट वस्तीचं शहर, तिथे देवी कायमच्याच. शहरातल्या बहुतेकांना त्या लहानपणी येऊन जायच्या. जो वाचला तो आयुष्यभरासाठी सुटला. पण उत्तरेकडे विरळ राहणाऱ्या मांचू आणि मंगोल लोकांचं तसं नव्हतं. त्यांच्यातला पंचविशीचा धडधाकट माणूस पहिल्यांदा शहरात यायचा आणि आठ-पंधरा दिवसांत आटोपायचा. खुद्द शुन्झी सम्राट १६६१ मध्ये देवीनेच गेला. त्याच्या मुलांपैकी कांगशीला गादी मिळाली त्यामागे एक कारण असंही होतं, की त्याला देवी येऊन गेल्या होत्या. हा मुलगा टिकेल, एवढी तरी खात्री!

आता याच कांगशीला मंगोल सरदारांना आपल्या बाजूला ठेवायचं होतं. त्यासाठी त्यांनी दरबारात यायला हवं, मुजरा करायला हवा, भेटी घ्यायला-द्यायला हव्यात. पण त्यांना बीजिंगला बोलावणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. मग दरबारी भाषेत दोन याद्या झाल्या: ‘पक्क्या अंगाचे’ आणि ‘कच्च्या अंगाचे’. देवी येऊन गेलेले ते पक्के, त्यांनी नवीन वर्षाला बीजिंगला यावं. न आलेले ते कच्चे, त्यांनी सम्राट उत्तरेला असताना भेटावं, म्हणजे चेंगदेला किंवा त्याहून वरच्या मुलानच्या शिकारीच्या रानात.

आम्ही सर्व्हर लावतो तेव्हा बाहेरून येणाऱ्यांसाठी एक वेगळा भाग ठेवतो. काम होतं, पण आतल्या नेटवर्कला कुणाचा हात लागत नाही. चेंगदे हे तसंच होतं. फक्त इथे धोका उलटा होता, जपायचं होतं ते पाहुण्याला.

हे कळलं की तिथली बांधणी उलगडायला लागते. राजवाड्याची दालनं बीजिंगसारखी पिवळ्या कौलांची, झगमगीत नाहीत. करडी कौलं, साधं लाकूड. मग तळी. मग एक मोकळं मैदान, तिथे मंगोल पद्धतीचे गोल तंबू लागायचे, मेजवान्या व्हायच्या. मागे डोंगर, आणि भिंतीच्या आतली बहुतेक जागा या डोंगरांचीच. बाहेरची मंदिरं पण पाहुण्यांसाठी. बारापैकी आठांचा कारभार थेट बीजिंगकडे असायचा, म्हणून ती ‘बाहेरची आठ मंदिरं’ म्हणून ओळखली जातात.

यातलं प्रत्येक मोठं मंदिर म्हणजे एक राजकीय घटना आहे. पुनिंग मंदिर १७५५ चं, तिबेटच्या साम्ये मठाच्या धर्तीवर. आत २२ मीटरहून उंच लाकडी मूर्ती आहे, करुणेच्या बोधिसत्त्वाची. नावाचा अर्थ ‘सर्वत्र शांती’. ही शांती कसली? झुंगार मंगोलांवरच्या विजयाची. त्यानंतर झुंगारांनी बंड केलं, आणि दोन-तीन वर्षांत ते जवळपास संपले. वेई युआन या एकोणिसाव्या शतकातल्या चिनी इतिहासकाराचा अंदाज असा: दहांपैकी चार देवीने मेले, तीन सैन्याने मारले, दोन पळून गेले. ‘कच्च्या अंगाच्या’ मित्रांना ज्या रोगापासून जपलं, त्याच रोगाने शत्रूंचा फडशा पाडला. करुणेच्या मूर्तीसमोर उभं राहताना हे विसरता येत नाही.

दुसरं, पुतुओ झोंगचेंग. १७६७ ते १७७१ मध्ये ल्हासाच्या पोताला राजवाड्यासारखं बांधलेलं. लांबून अगदी तसंच दिसतं, पण समोरच्या कितीतरी खिडक्या आंधळ्या आहेत, मागे खोलीच नाही. ते पूर्ण झालं त्याच वर्षी तोर्गूत मंगोल व्होल्गा नदीकाठाहून परतले. निघाले तेव्हा दीड लाखाहून जास्त होते, पोचले त्याच्या निम्म्याहून कमी. त्यांचा म्होरक्या उबाशी चिएनलाँगला इथे येऊन भेटला. ती हकिगत मंदिरातल्या शिलालेखांवर मांचू, चिनी, मंगोल आणि तिबेटी अशा चार भाषांत कोरलेली आहे.

आता शेवटचं मंदिर, शुमी फूशोउ, १७८० चं. चिएनलाँगच्या सत्तराव्या वाढदिवसाला तिबेटहून सहावे पांचेन लामा येणार होते. त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून त्यांच्या ताशील्हुन्पो मठासारखी इमारत उभी केली. त्यांच्याबरोबर पूरणगिर नावाचा आपल्याकडचा एक गोसावी होता. तो ईस्ट इंडिया कंपनी आणि लामांमध्ये निरोप्याचं काम करायचा. त्याने या प्रवासाची हकिगत पुढे इंग्रजांना सांगितली.

चेंगदेत सगळं नीट पार पडलं. मग लामा सम्राटाच्या राजधानीत, बीजिंगला गेले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे वारले. कशाने? देवीने.

ज्या एका गोष्टीसाठी हे गाव वसवलं होतं, तीच तिथून पुढचा पल्ला गाठल्यावर घडली. आज लोक चेंगदेला फोटो काढायला जातात. १९९४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, ‘उन्हाळी राजवाडा’ म्हणून. चूक काही नाही त्यात. पण माझ्या लेखी ती भिंत उन्हापेक्षा शहरातल्या रोगाला अडवायला जास्त होती, आणि त्या भिंतीचा उपयोग तिच्याजवळ थांबणाऱ्यांनाच होता.

घरात कुणाच्या दंडावर ती गोल खूण असेल, तर आज जरा विचारा, ‘देवी टोचल्या तेव्हा काय झालं होतं?’ आणि मिळालेली गोष्ट आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!