शाळेची इमारत कोणाच्या पैशानें उभी राहते?

बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार सर्व जुन्नर तालुक्यास ठाऊक आहे. बैल घेणारा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मगच पैसे मोजतो. परंतु आपल्या मुलाच्या शाळेचें छप्पर कोणाच्या पैशानें झालें, हें विचारणारा पालक विरळा. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथें देत आहों.

इ. स. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें धोरण ठरलें. त्याचा लाभ मिशनच्या शाळांसही झाला. खेड्यांतील शाळांचा पैसा मात्र निराळ्या वाटेनें आला. मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड बसविण्यांत आला, व त्याचा एक तृतीयांश शिक्षणाकडे लावण्यांत आला. म्हणजे 'सरकारनें बांधलेली' म्हणून जी भिंत दाखवीत, तींत नांगर धरणाऱ्याचा आणा असे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें : पैसा रयतेचा, आणि खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आमच्या मतें तो प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं.

१९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनें प्रत्येक शाळेस निदान दोन खोल्या असाव्यात असें ठरविलें. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तर दर शिक्षकामागें एक वर्गखोली, मुलामुलींसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें, पिण्याचें पाणी व कुंपण हीं आवश्यक ठरविलीं.

आतां एखादी खोली मोडकळीस आली तर काय होतें? मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती पंचायत समितीकडे प्रस्ताव धाडतात. अभियंता पाहणी करतो. खोली धोकादायक ठरली म्हणजे तिचें 'निर्लेखन' होतें; अर्थात दप्तरांतून ती कमी होऊन पाडण्यास मोकळी होते. नव्या खोलीचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेंतून किंवा समग्र शिक्षा योजनेंतून येतो. या दुसऱ्या योजनेंत शंभरांतील साठ रुपये केंद्राचे व चाळीस राज्याचे. खरी अडचण मधल्या काळाची. जुनी पाडली आणि नवीचा निधि लांबला, तर मुलें देवळाच्या ओसरीवर बसतात, आणि पाऊस कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाहीं. पाऊस काय करतो हें आंबेगाव तालुक्यास सांगावयास नको. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण दरडीखालीं गाडलें गेलें, दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २०१७ सालीं नवें माळीण वसविलें, तेव्हां घरांबरोबर शाळाही बांधावी लागली.

व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया. प्रस्ताव केव्हां गेला व कोठें अडला, हें तिच्या इतिवृत्तांत लिहिलेलें असतें. तें पुस्तक मुख्याध्यापकांच्या कपाटांत असतें; सभासदांनीं मागितल्यास पाहावयास मिळतें.