नवव्या अंकाचा दुष्काळ

जुने दुष्काळ आणि त्यांची सरकारी दप्तरं वाचण्याचा मला कॉलेजात असल्यापासून नाद आहे. धान्याचे भाव, तगाई, खडी फोडण्याची कामं, मेलेल्यांचे आकडे या रुक्ष रकान्यांमधून एखादा अधिकारी कसा विचार करत होता, ते अचानक दिसतं. १८६६च्या ओडिशातल्या दुष्काळाबद्दल वाचू लागलो, तेव्हा इतिहासकारांच्या बरोबरीने एका कवीचं नाव सारखं पुढे यायला लागलं. जगन्नाथ प्रसाद दास. त्यांनी १९९१ साली ‘आह्निक’ या संग्रहाला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार नाकारला, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या ‘देश काल पात्र’ या कादंबरीत हा दुष्काळ आहे, हे नंतर कळलं. राज्यशास्त्र शिकलेल्या माणसाने त्या शास्त्राचा सगळ्यात चांगला उपयोग कुठे केला असं मला कुणी विचारलं, तर मी या कादंबरीकडे बोट दाखवीन.

दास १९३६ साली बाणपूरला जन्मले. त्याच वर्षी १ एप्रिलला भाषेच्या पायावर ओडिशा हा वेगळा प्रांत झाला. अलाहाबाद विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करून त्यांनी काही काळ शिकवलं, १९५८ साली भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि मुदत संपण्याआधीच बाहेर पडले. १९७१ साली पहिला कवितासंग्रह ‘प्रथम पुरुष’ आला. पुढे कथा, नाटकं, लहान मुलांसाठी लेखन आणि ‘परिक्रमा’ हा संग्रह, ज्याला २००६ चा सरस्वती सन्मान मिळाला. तो त्यांनी स्वीकारला. त्यांची कविता आवाज चढवत नाही. ‘कालाहांडी’ ही त्यांची गाजलेली कविता भुकेच्या जिल्ह्यावर आहे, आणि तिथेही ते ओरडत नाहीत. फाइल वाचणाऱ्याची शिस्त त्या कवितेला आहे, असं मला नेहमी वाटतं.

नोकरीतून सुटल्यावर या माणसाने काय केलं? पुरीच्या चित्रकारांच्या घरांत जाऊन बसला. पटचित्रांवर पीएच.डी. केली आणि १९८२ साली त्याचं पुस्तक काढलं. स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा आजारी पडतात आणि पंधरवडाभर दर्शन बंद असतं. त्या काळात पूजा होते ती कापडावर रंगवलेल्या देवांची. ती चित्रं काढायचा हक्क ठरावीक चित्रकार घराण्यांकडे असतो. जुन्या लुगड्याचं कापड चिंचोक्याची खळ लावून चिकटवायचं, त्यावर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घासून गुळगुळीत करायचं, मग शंखाचा पांढरा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा आणि काजळीचा काळा. दासांनी चित्रांइतकंच लक्ष या हक्कांकडे दिलं: कुणाला कोणती सेवा, त्याचा मोबदला काय, राजा आणि मंदिर यांच्यामध्ये चित्रकार नेमका कुठे उभा. कलेच्या इतिहासात शिरलेला हा राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. (पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून तिथे आला तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, १७५१ ते १८०३ या काळात. आपल्याकडे त्या अर्धशतकाची आठवण बंगालच्या स्वाऱ्यांपलीकडे फारशी जात नाही, याचं मला वाईट वाटतं.)

या वाटेवर त्यांना रघुनाथ प्रुस्ती भेटला. गंजाम जिल्ह्यातल्या मुंडमराई गावचा, जातीने चित्रकार नसलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताडपत्रावर लोखंडी लेखणीने चित्रं कोरत होता. दोन-तीन बोटं रुंदीची ती पट्टी. चूक खोडायची सोय नाही, कारण लेखणी पानाची कातडीच कापते. कोरून झालं की काजळी चोळायची आणि पुसून टाकायची. काळं उरतं ते फक्त चिरांमध्ये. एवढ्याशा जागेत प्रुस्तीने उपेंद्र भंज यांच्या ‘लावण्यवती’ काव्यातली सिंहलची राजकन्या, तिचा कर्नाटकातला राजपुत्र, हत्ती, घोडे, समुद्र, विरह असं सगळं बसवलं. नाकं टोकदार, अंगं वाकलेली, आणि एका पानातून दुसऱ्या पानात धावणारी गोष्ट. अमेरिकन कलेतिहासकार जोआना विल्यम्स यांच्याबरोबर दासांनी १९९१ साली त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुरस्कार नाकारला त्याच साली. एका गावकऱ्याच्या नावावर त्याचं काम लागावं म्हणून एवढी मेहनत घेणाऱ्या कवीबद्दल माझा आदर दुणावला.

आता दुष्काळाकडे.

ओडिशात त्याला ‘नअंक’ म्हणतात. पुरीच्या गजपती राजाच्या कारकिर्दीवरून वर्षं मोजायची तिथली रीत आहे. तिला अंक म्हणतात आणि त्यात पहिला आणि सहावा आकडा अशुभ म्हणून गाळतात. त्यामुळे १८५९ साली गादीवर आलेल्या बालराजा दिव्यसिंह देवाचं सातवं वर्ष हा नववा अंक झाला. इंग्रज राज्य येऊन साठ वर्षं उलटून गेली होती, तरी लोक मरणाचं साल राजाच्या गणतीने सांगत होते. हाच राजा पुढे १८७८ साली खुनाच्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर गेला. दासांच्या कादंबरीत तो आहे. तिच्यात कल्पित नायक नाही. राजा, कमिशनर, संपादक, मिशनरी, कवी सगळे इतिहासातलेच.

१८६५ साली पावसाने शेवटच्या महिन्यांत दगा दिला. कमिशनर टी. ई. रेव्हेनशॉ त्याच वर्षी ओडिशात नवा आला होता. व्यापाऱ्यांनी तांदूळ दडवून ठेवला आहे, भाव चढले की बाहेर काढतील, अशी त्याची समजूत झाली. तरी पुरीतल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी तांदूळ मागवू द्या अशी मागणी १८६६ च्या आरंभी कलकत्त्याच्या महसूल बोर्डाकडे गेली. बोर्डाने तारेने नकार कळवला: बाजाराला हवा असेल तर तांदूळ आपोआप येईल, सरकारने हात घातला तर नुकसानच. फेब्रुवारीत लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन स्वतः कटकला आला आणि दरबार भरवून सांगून गेला की भाव बांधायला गेलो, तर मी स्वतःला दरोडेखोरच समजेन.

हे वाचताना माझी मूठ आवळली जाते. बीडन दुष्ट नव्हता, आणि भीती त्याचीच वाटते. त्याने एक पुस्तकी सिद्धान्त प्रामाणिकपणे पाळला. पण तांदूळ आपोआप यायला रस्ता लागतो, बंदर लागतं. ओडिशात पावसाळ्यात दोन्ही बंद. मेच्या अखेरीस बोर्डाला जाग आली आणि आयातीला परवानगी मिळाली, तोवर पाऊस तोंडावर होता. जहाजं किनाऱ्याला लागेनात. ऑगस्टमध्ये महानदीला पूर आला आणि जे पेरलं होतं तेही गेलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, म्हणजे तिघांतला एक. तांदूळ पोचला तेव्हा खाणारे उरले नव्हते.

दुष्काळाची चौकशी जॉर्ज कॅम्पबेलच्या अध्यक्षतेखाली झाली. तो अहवाल उपलब्ध आहे, ज्याला धीर असेल त्याने वाचावा. पण एक गोष्ट अशा अहवालांच्या रकान्यांत नीट सापडत नाही. सरकारी अन्नछत्रात ज्यांनी शिजवलेलं अन्न खाल्लं, त्यांना जातीने बाहेर टाकलं. जगले, पण घरी घेतले गेले नाहीत. पुढे त्यांची स्वतंत्र जातच झाली, छत्रखिया. उपाशी माणसाला बोर्डाने तांदूळ नाकारला आणि शेजाऱ्याने पंगत. अन्नछत्राला पुण्य मानणाऱ्या आपण मराठी वाचकांनी इथे थोडं थांबावं.

मरणाच्या ऐन हंगामात, ४ ऑगस्ट १८६६ ला, गौरीशंकर राय यांनी कटकहून ‘उत्कल दीपिका’ हे साप्ताहिक सुरू केलं. ओडियाला स्वतःचं वर्तमानपत्र मिळालं, आणि दोनच वर्षांत त्याला लढाई मिळाली. १८६८ मध्ये कटकच्या एका सभेत राजेंद्रलाल मित्र यांनी मांडलं की एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळी भाषा, वेगळी पाठ्यपुस्तकं परवडणारी नाहीत. शाळांत बंगाली आणावी. मित्र मोठे विद्वान, ओडिशातल्या देवळांवर त्यांनी दोन भव्य खंड लिहिले. पण ‘थोडे लोक’ हा मुद्दा तिघांतला एक मेल्यावर दोन वर्षांनी काढला गेला, हे विसरता येत नाही. १८७० मध्ये बालेश्वरच्या सरकारी शाळेतले शिक्षक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही, असं सांगणारी पुस्तिका काढली. तिच्याविरुद्ध उभे राहिले फकीरमोहन सेनापती, ज्यांनी बालेश्वरला लोकवर्गणीतून छापखाना घातला होता, आणि तिथला कलेक्टर जॉन बीम्स, जो पुढे भारतीय आर्यभाषांचं तौलनिक व्याकरण लिहिणार होता. कोकणी ही मराठीची बोली की भाषा, हा वाद आपल्याकडे किती कडवटपणे खेळला गेला ते आठवलं की कांतिचंद्रांची पुस्तिका परकी वाटत नाही. मी तरी त्या वादात आपली बाजू चुकीची होती, असंच मानतो.

या लढ्यात शाळांमध्ये ओडिया राहावी म्हणून सरकारदरबारी जोर लावणारा अधिकारी होता तोच कमिशनर रेव्हेनशॉ. १८६६ ला ज्याचा अंदाज चुकला आणि माणसं मेली, त्याने पुढच्या बारा वर्षांत ओडियासाठी, मुलींच्या शाळांसाठी आणि कटकच्या कॉलेजसाठी जिवाचं रान केलं. ओडिशातल्या सगळ्यात जुन्या कॉलेजला, आताच्या विद्यापीठाला, त्याचंच नाव आहे. २०२४ साली केंद्रीय मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी दुष्काळाची आठवण काढून ते नाव बदलावं असं सुचवलं आणि ओडिशात मोठं रान उठलं. दोन्ही बाजूंकडे खरी कारणं आहेत. एकच गोष्ट दोन्हीकडून क्वचित बोलली गेली. ते नाव इंग्रजांनी लादलेलं नव्हतं. मयूरभंजचे महाराज कृष्णचंद्र भंज यांनी कॉलेजला वीस हजार रुपये दिले आणि रेव्हेनशॉचं नाव द्यावं ही इच्छा त्यांचीच होती. साल १८७९. दुष्काळातून वाचलेली कित्येक माणसं तेव्हा चाळिशीतही नव्हती, छत्रखियांना अजून पंगतीत घेत नव्हते, आणि तरीही एका ओडिया राजाने हे नाव निवडलं. ते का, हे समजून घ्यायचं तर ‘देश काल पात्र’ वाचायला हवी.