सेलचे घड्याळ लाखाला का विकले जाते?

दोनशे रुपयांचे सेलचे घड्याळही वेळ बरोबर दाखवते, मग त्याच जातीचे घड्याळ दोन लाखांना कोण घेतो आणि का, असे आमच्या पेढीवर बसणारे व्यापारी मित्र अनेकदा विचारतात. आम्ही घड्याळाचे व्यापारी नाही, कापडाचे आहोत. पण हा सवाल आमच्या धंद्याचाही आहे. यंत्रमागावरची शाल आणि हातमागावरची हिमरू शेजारी ठेवली की गिऱ्हाईक हेच म्हणते, खांद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, मग किमतीत एवढी तफावत कशाची? ज्याला याचे नेमके उत्तर देता येत नाही, त्याला दर पाडावा लागतो. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) हातमागावर हिमरू विणणारी घराणी बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे, असे आमचे मत आहे.

घड्याळवाल्यांनी उत्तर कसे शोधले ते पाहू. त्यासाठी आधी मशीन समजून घेतले पाहिजे. या घड्याळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा चिमट्यासारखा बारीक तुकडा असतो. सेलची वीज मिळताच तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम ठरवलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा करत गेलो की बरोबर एक उरतो. हे निम्मे करण्याचे काम एक छोटी चिप करते आणि दर सेकंदाला एक ठोका इवल्याशा मोटारीला देते. काटा पुढे सरकतो. चावी द्यायला नको, फजरला उठून पाहिले तरी घड्याळ थांबलेले नसते.

असे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत विक्रीस आणले. नाव अ‍ॅस्ट्रॉन, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या छोट्या मोटारगाडीइतकी! तेव्हा अचूक वेळ हीच महाग चीज होती. दहा-पंधरा वर्षांत ती कवडीमोल झाली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात 1970 च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती, 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस हजारांवर आली. यंत्रमाग आल्यावर विणकरांच्या मोहल्ल्यात काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता खरी गंमत पुढे आहे. वेळ स्वस्त झाली तरी महाग क्वार्ट्झ घड्याळ संपले नाही. सेकोनेच 1993 मध्ये ग्रँड सेको या आपल्या वरच्या मालासाठी 9एफ नावाचे मशीन काढले. साधे क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होते, हे वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहते. स्फटिक आधी तीन महिने चालवून मुरवतात आणि त्यातून निवडक घेतात. तपमानाचाही हिशेब ठेवला जातो. आमच्या चिकलठाण्याच्या उन्हाळ्यात हे महत्त्वाचे ठरते, कारण चाळीस अंशांत पडून राहिलेले साधे क्वार्ट्झ रोज अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे पडते. मनगटावर असेल तर अंगाच्या उबेने तपमान बरेच स्थिर राहते. म्हणून घड्याळ स्कूटरच्या डिकीत ठेवू नये.

पण दहा सेकंदांसाठी कोणी लाख रुपये मोजत नाही. गिऱ्हाईक मोजते ते नजरेला दिसणाऱ्या गोष्टींसाठी. सेलवरची मोटार दुबळी असते, म्हणून साध्या घड्याळात काटे पत्र्यासारखे हलके लावावे लागतात. 9एफची मोटार एका सेकंदात काटा दोन पावलांत टाकते, ही पावले इतकी जलद की डोळ्याला एकच दिसते. त्यामुळे ती जाड, धारदार, पैलू पाडलेले काटे ओढू शकते. दातांमधली ढील काढण्याचीही सोय आहे. साध्या घड्याळात सेकंदाचा काटा थांबताना थरथरतो, इथे तो खुणेवर जाऊन गप्प उभा राहतो. आणि डबीच्या पोलादावर कारीगर हाताने पॉलिश करतो. फिरत्या चकतीच्या सपाट बाजूवर तुकडा धरायचा, दाब जरा चुकला की कडा गोल झालीच. या पद्धतीला झारात्सू म्हणतात. हे नाव ‘साल्लाझ’ असे कोरलेल्या जुन्या परदेशी यंत्रावरून जपानी कामगारांच्या तोंडी पडले. सिटिझन कंपनी काही वरच्या घड्याळांत तोसा भागातला हातकागद डायलला लावते. उजेड कागदातून झिरपून आतल्या सेलला भरतो आणि कागदाचे धागे वर दिसतात. कापडवाल्याला हे पाहून हेवा वाटतो.

आपल्या देशातले उदाहरण टायटनचे. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाची ही कंपनी 1984 मध्ये स्थापन झाली, कारखाना होसूरला. 2002 मध्ये तिने ‘एज’ आणले. पूर्ण घड्याळाची जाडी साडेतीन मिलिमीटर, आतले मशीन फक्त 1.15 मिलिमीटर! काटे, डायल, काच यांत बोटभर नव्हे, केसाएवढीच जागा. एकही दागिना न लावता केवळ पातळपणावर हे घड्याळ विकले गेले.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक बाब. आपल्याकडे पुरुष सोने वापरत नाहीत, म्हणून पोलाद किंवा टायटॅनियमचे सुबक काम आपल्या गिऱ्हाइकाला मानवते. सोन्याच्या मुलाम्याबद्दल मसला आलिमांना विचारावा. दुकानदाराचे काम एवढेच की मुलामा असेल तर मुलामा आहे हे स्वच्छ सांगावे.

खरेदीत नावावर भाळू नये. हिमरू घेताना आम्ही कापड उलटे करतो, मागचे सुटे धागे सांगतात की काम कसे आहे. घड्याळ तसेच पाहावे. खिडकीच्या उजेडात तिरपे धरा, पॉलिश केलेल्या पट्टीत खिडकीची चौकट सरळ दिसते की लाटेसारखी, ते बघा. सेकंदाचा काटा बारा, तीन, सहा, नऊ या चारही खुणांवर नेमका पडतो का ते मिनिटभर पाहा. जुने घेत असाल तर मागचे झाकण घडीसाजाकडून उघडवा. संपलेला सेल आत राहिला तर तो पाझरतो आणि मशीन खातो, मग वरची डबी कितीही चमको. बिल आणि गॅरंटी कार्डावरचा नंबर झाकणावरच्या नंबराशी ताडून घ्यावा, आणि पैसे त्यानंतर द्यावेत.